मदत हवी आहे: वडिलांसोबत बोडेनझे ते क्योनिग्झे सायकलने. कोणता टप्पा ठेवू, कोणता सोडू?

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकजवळ राहते. ऑगस्टच्या शेवटी माझे बाबा वाईहून चार आठवड्यांसाठी येतायत. काय काय बघायचंय असं विचारलं तर म्हणाले, "बघायचं ते सायकलवरून बघू." वय 66. नोकरीभर शाळेत गेले ते सायकलवर, आजही सकाळी धोम धरणापर्यंत जाऊन येतात. डावा गुडघा मात्र कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात सायकल सोडू नका, पण चढाला जोर लावू नका.

माझ्या डोक्यात बोडेनझे-क्योनिग्झे सायकलमार्ग आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या दक्षिण कडेने, आल्प्सच्या पायथ्यापायथ्याने जातो. बोडेनझेकाठच्या लिंडाऊच्या बंदरापासून निघायचं आणि चारशेहून जास्त किलोमीटरनंतर बेर्शटेसगाडेनच्या पुढे क्योनिग्झेच्या काठाला थांबायचं. वाटेत इमेनश्टाटचं आल्पझे, फ्युसेनजवळचं होप्फेनझे आणि फॉर्गेनझे, मग कोखेल, टेगर्नझे, श्लिअरझे, कीमझे. 'झे' म्हणजे सरोवर. एक मागे पडतं तोवर दोन दिवसांत पुढचं दिसतं. पश्चिमेकडून पूर्वेला गेलं की डोंगर सगळा वेळ उजव्या हाताला राहतात.

चाचणी म्हणून मे महिन्यात मी एकटीने लिंडाऊ ते इमेनश्टाट दोन दिवसांत केलं, आणि तिथेच काळजीला सुरुवात झाली. लिंडाऊ समुद्रसपाटीपासून 400 मीटरवर, ओबरश्टाउफेन 790 वर. आकडा काहीच नाही. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने जाताना याहून जास्त चढ आहे, आणि बाबांनी तो तरुणपणी कितीतरी वेळा चढलाय. पण घाट एकदा चढला की चढला. इथे तसं नाही. गाव ओढ्याकाठी, ओढा खाली, पुढचं गाव टेकाडावर. तीस मीटर उतरा, चाळीस चढा, परत तीस उतरा. दिवसभरात बेरीज कुठल्या कुठे जाते. शिवाय काही उतार खडीचे आहेत. पावसात अशाच एका उतारावर माझं मागचं चाक सरकलं आणि कोपर सोललं. मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असल्या की सायकल वळणावर आपलं ऐकत नाही, हे तेव्हा कळलं. त्या रात्री ज्या गावात उतरले तिथल्या खानावळीची साप्ताहिक सुट्टी होती. पेट्रोल पंपावरचं गार सँडविच खाऊन झोपले. मला चाललं, पण बाबा माळकरी आहेत, अंडंही खात नाहीत. त्यांना उपाशी झोपवायचं नाहीये मला.

तर आता विचारायचं ते असं. सगळा मार्ग करायचा हट्ट नाही. रोज तीस-पस्तीस किलोमीटर, मध्ये दोन-तीन विश्रांतीचे दिवस, असं धरलं तर कोणते टप्पे ठेवावेत? कोणते रेल्वेने उडवता येतात? आणि ई-बाइकचं काय करू? बाबा म्हणतात, "मोटरच लावायची तर गाडीनेच जाऊ की." त्यांचं मन मोडायचं नाही आणि गुडघाही मोडायचा नाही. ज्यांनी आपल्या आईवडिलांना घेऊन असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १: रानवाट

ताई, हा मार्ग मी दोनदा पूर्ण केलाय. सल्ला देतो तो नकाशा समोर ठेवून वाचा.

पहिली गोष्ट रेल्वेची. म्युनिक म्हणजे तळहात आणि गाड्या म्हणजे बोटं. एक बोट फ्युसेनला, एक कोखेलला, एक ट्योल्झला, मग टेगर्नझे, श्लिअरझे, आणि साल्झबुर्गकडे जाणारं बोट कीमझेकाठच्या प्रीनला. पण तुमचा मार्ग या बोटांना आडवा जातो, आणि फ्युसेनपासून कीमझेपर्यंत दोन बोटांना जोडणारी आडवी रेल्वे जवळजवळ नाही. म्हणून "हा टप्पा रेल्वेने उडवू" म्हटलं की बहुतेक वेळा म्युनिकला येऊन परत खाली जायचं. तुम्ही तिथेच राहता, तेव्हा हेच तुमच्या फायद्याचं आहे. सलग प्रवास करूच नका. एकेका बोटाच्या टोकाला मुक्काम करा, तीन-चार दिवस तिथून रिकाम्या सायकलने फिरा, घरी या, कपडे धुवा, गुडघ्याला आराम द्या, मग पुढचं बोट.

तीन मुक्काम सुचवतो. फ्युसेन: फॉर्गेनझेची पूर्ण प्रदक्षिणा साधारण 32 किलोमीटर, नॉयश्वानश्टाइनचा किल्ला समोर ठेवून. हे धरणाचं पाणी आहे. लेश नदी अडवून 1954 साली हे सरोवर झालं आणि फॉर्गेन नावाची वाडी त्याखाली गेली. हिवाळ्यात ते रिकामं करतात, उन्हाळ्यात भरलेलं असतं. धोमकाठी रोज जाणाऱ्या माणसाला हे मुद्दाम सांगा, बघण्याची नजर बदलते.

दुसरा कोखेल. तिथून बेनेडिक्टबॉयर्नच्या मठापर्यंतचा रस्ता दलदलीच्या मैदानातून जातो, जवळजवळ सपाट. तिसरा प्रीन: कीमझेची प्रदक्षिणा साठ किलोमीटरच्या आत बसते, ती दोन दिवसांत करा.

सोडायचं ते लिंडाऊ-ओबरश्टाउफेन (तुम्ही केलंच आहे) आणि टेगर्नझे ते श्लिअरझे ते बाड फाइलनबाख. अंतर दिसतं थोडं, पण चढ-उतार गुडघा खातात. क्योनिग्झे मात्र सोडू नका. बेर्शटेसगाडेनपर्यंत रेल्वेने जा आणि शेवटचे पाच किलोमीटर सायकलने करा. काठावर सायकल कुलूप लावून ठेवावी लागेल, होडीत नेता येत नाही. होड्या 1909 पासून विजेवर चालतात, त्यामुळे पाण्यावर इतकी शांतता असते की नावाडी कड्यासमोर थांबून तुतारी वाजवतो तेव्हा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो.

प्रतिसाद २: घंटी

वरच्या सगळ्याला +१. एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, जर्मनीत बहुतेक सायकलींना उजव्या हाताला मागचा आणि डाव्या हाताला पुढचा. माझे सासरे सायकल उत्तम चालवतात, पण इथे पहिल्याच उतारावर सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला आणि हँडलवरून पुढे गेले. थोडक्यात निभावलं. भाड्याच्या काही सायकलींना पायाचा ब्रेकही असतो: पायडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. थांबल्यावर पायडल मागे फिरवून ठेवायची सवय असेल तर गोंधळ उडतो. पहिले दोन दिवस घराजवळ मोकळ्या रस्त्यावर सराव करून घ्या. आणि चालवायचं उजव्या बाजूने. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही.

ई-बाइकबद्दल: मोटर पायडल मारल्याशिवाय चालत नाही, आणि ताशी 25 किलोमीटरच्या पुढे मदत बंद होते. हे सासऱ्यांना सांगून पटलं नाही. एक दिवस भाड्याने घेऊन दिली, तेव्हा पटलं. पण वजन पंचवीस किलोच्या आसपास असतं. लिफ्ट नसलेल्या स्टेशनवर जिना चढवायचा झाला तर ते तुम्हालाच करावं लागेल.

जेवणाचं: केझश्पेट्झलं (चीज घातलेल्या जाड शेवयांसारखा पदार्थ) सगळीकडे मिळतं आणि शाकाहारी म्हणून देतात, पण त्याच्या पिठात अंडं असतं. बटाट्याचं सॅलड बायर्नमध्ये पुष्कळदा मांसाच्या पाण्यात कालवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वयंपाकघर असलेली सुट्टीची घरं घ्या. कुकर, मेतकूट, भाजके पोहे सोबत. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी-दूध भरा.

प्रतिसाद ३: रानवाट

ब्रेकचा मुद्दा लाखमोलाचा. अजून एक राहिलं. ऑगस्टच्या शेवटी जाऊ नका. बायर्नच्या शाळांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, जागा महाग आणि रेल्वेत सायकलींची गर्दी. सायकलीचं तिकीट वेगळं काढायचं हेही लक्षात असू द्या. दुपारी डोंगरावर ढग चढले की गडगडाट होतोच, म्हणून सकाळी लवकर निघून दोनच्या आत मुक्कामी या.

सप्टेंबरच्या मध्यावर आल्गॉयमध्ये (इमेनश्टाट-फ्युसेनचा भाग) गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणतात. गळ्यात मोठमोठ्या घंटा. उन्हाळाभर कळपाला काही अपघात झाला नसेल तरच पुढच्या गाईला फुलांचा मुकुट चढवतात. तुमच्या भागात बेंदूर असतो ना? बाबांना हे दाखवाच.

धागाकर्ती:

रानवाट, घंटी, मनापासून आभार. हाताच्या बोटांचं ते वाक्य वाचून नकाशा उघडला आणि दोन महिन्यांचा गुंता पाच मिनिटांत सुटला.

काल बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ब्रेकचं ऐकल्यावर त्यांनी लगेच वाईतल्या सायकलवाल्याकडे जाऊन दोन्ही तारा उलट जोडून घेतल्या. आता महिनाभर तशीच चालवणार आहेत, हाताला वळण लागावं म्हणून. ई-बाइकला "एक दिवस बघू" इतकं कबूल झालेत. फॉर्गेन वाडीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत. धोमच्या पाण्यात त्यांच्या आत्याचं घर गेलंय. मग म्हणाले, "तिथे जायचंच."

तर ठरलं असं: पहिले दहा दिवस घरीच, सराव. मग कोखेल, शाळा उघडल्यावर फ्युसेन, तिथूनच एक दिवस रेल्वेने इमेनश्टाटकडे गुरं बघायला, शेवटी प्रीन आणि क्योनिग्झे. आता दोनच गोष्टी हव्यात. फ्युसेन किंवा होप्फेनझेच्या काठाला तळमजल्यावरची, स्वयंपाकघर आणि सायकली ठेवायला बंद खोली असलेली जागा कोणी स्वतः राहून पाहिली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि बाबांची उंची 5 फूट 4 इंच आहे. खाली वाकलेला दांडा असलेली, सरळ बसून चालवायची ट्रेकिंग सायकल कोणत्या मापाची घ्यावी? या महिन्याच्या आत बुकिंग करायचं आहे.