मदत हवी आहे: काम सोडून गेलेल्या कामगारांना अभ्यासात कसं आणायचं?

नमस्कार मंडळी, दगड कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांवर सिलिकाच्या धुळीचा काय परिणाम होतो, यावर माझा प्रबंध चालू आहे. धूळ मोजणं जमतंय. कमरेला छोटा पंप, कॉलरला फिल्टर, म्हणजे नाकाजवळची हवा पूर्ण पाळीभर गोळा होते. स्पायरोमेट्रीही (नळीत जोराने फुंकायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजणं) होते.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. आज कामावर दिसतात ते तब्येतीने टिकलेले. ज्यांना धाप लागू लागली, ते कधीच घरी बसले. त्यामुळे माझ्या आकड्यांत धूळ आहे त्यापेक्षा कमी घातक दिसते. सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) तर बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो! एका कामगाराने फुंकताना तीनदा खोकून नळी खाली ठेवली आणि म्हणाला, "माझा भाऊ तर एवढंही फुंकू शकत नाही." तो भाऊ माझ्या यादीत नाही. हे मला फार बोचतंय.

जुन्या हजेरीपटांवरून सोडून गेलेल्यांचा माग कुणी काढलाय का? तुलनेसाठी सामान्य लोकसंख्या घेऊ, की कमी धुळीत काम करणारे दुसरे कामगार? मला दुसरा पर्याय बरा वाटतो. आणि मालकाला नावं कळू न देता हे कसं करायचं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.