नकली रक्त आणि खरी भीती

जुन्या भयपटांतलं रक्त नकली दिसतं म्हणून भीती वाटत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धवट पटलं. 'सस्पिरिया'मधलं (१९७७) रक्त चक्क रंगाच्या डब्यातलं वाटतं, पण गॉब्लिन या बँडचं संगीत सुरू झालं की मान आपोआप मागे वळते. कथा यथातथाच. माझ्या आवडत्या जुन्या भयपटांच्या यादीत तिसरा.

दुसरा जपानी 'हाउस', तोही १९७७चाच. पियानो मुलीला खातो! दिग्दर्शक ओबायाशींना यातल्या बऱ्याच कल्पना त्यांच्या शाळकरी मुलीने सुचवल्या होत्या आणि ते दिसतं. घाबरायचं की हसायचं, शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला अर्थात दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२). अंटार्क्टिकातला तळ, मोजकी माणसं आणि माणसाचं रूप घेणारा परग्रहावरचा जीव; त्यातला माणूस कोण आणि सोंग कोण? रक्ततपासणीच्या प्रसंगात मी खरंच श्वास रोखून बसलो होतो, आणि ही तिसरी वेळ होती बघण्याची. मेकअप आणि इफेक्ट्स करणाऱ्या रॉब बॉटिनच्या हातच्या त्या लिबलिबीत करामतींपुढे संगणकावरची भुतं मला पुठ्ठ्याची वाटतात. प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी झोडपला होता, बोला आता.

'इरेजरहेड' अर्ध्यात सोडला. त्यातलं ते विद्रूप बाळ बघवेना.