सरकारी टीव्हीवर तिथली माणसं खरंच विश्वास ठेवतात का?

रावपुरेकर
काल रात्री शेव-उसळच्या लारीवर पोरांनी मोबाइलवर उत्तर कोरियाच्या वृत्तनिवेदिका री चुन-ही दाखवल्या. गुलाबी पायघोळ पोशाख, अणुचाचणीची बातमी, आणि आवेश असा की लारीवाला तर्री वाढता वाढता डाव हातात धरून बघत राहिला. किम इल-सुंग १९९४ मध्ये गेला तेव्हा आणि किम जोंग-इल २०११ मध्ये गेला तेव्हा, दोन्ही वेळा बातमी सांगायला याच बाई होत्या, रडत रडत. पोरं खिदळली, "एवढं खोटं कोण खरं मानणार?"

माझं म्हणणं, कुणी खरं मानावं यासाठी तो खटाटोप नसतोच. दुसरं काही दिसू नये, एवढीच काळजी. रुमानियात १९८०च्या दशकात टीव्ही चालायचा कामाच्या दिवशी रोज दोन तास, रात्री आठ ते दहा, आणि त्यातही हुकूमशहा चाउशेस्कूच जास्त. बुखारेस्टच्या लोकांनी काय करावं? बल्गेरियाच्या दिशेने ॲन्टेना फिरवल्या! भाषा कळो न कळो.

असला टीव्ही उघडा पडतो तो थेट प्रक्षेपणात. २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टच्या चौकातलं चाउशेस्कूचं भाषण थेट दाखवत होते. गर्दीत मागून गलका झाला. तो हात वर करून "आलो! आलो!" म्हणत राहिला. आपलं 'आलो' नव्हे, रुमानियन भाषेत फोनवर म्हणतात ते. चेहरा मात्र सगळ्या देशाने पाहिला. प्रक्षेपण तोडलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने पळाला, २५ तारखेला गोळ्या घातल्या.

मांडवीची_सून
रावपुरेकर, गोष्ट छान रंगवलीत, पण अर्धीच सांगितलीत. चौकातले लोक टीव्ही बघून चिडले नव्हते, चिडूनच आले होते. रुमानियातल्याच तिमिशोआरा शहरात चार दिवस आधी गोळीबार झाला होता आणि ती बातमी बाहेरच्या रेडिओवरून घरोघरी पोचली होती. टीव्हीने फक्त घाबरलेला म्हातारा दाखवला.

आणि "दुसरं दिसू नये" म्हणता, तर पूर्व जर्मनी घ्या. तिथे बहुतेक घरांत पश्चिमेचा टीव्ही दिसायचा. ड्रेस्डेनचा भाग खोलगट आणि दूर, तिथे लहरी पोचत नसत. लोक त्याला 'अनभिज्ञांची दरी' म्हणायचे. तुमच्या हिशेबाने सर्वांत आज्ञाधारक कोण? ड्रेस्डेनवाले. दोन अभ्यासकांनी तिथल्याच जुन्या पाहण्या तपासून २००९ मध्ये निष्कर्ष काढला तो उलटाच. ज्यांना पश्चिमेचा टीव्ही दिसत होता तेच राजवटीवर जास्त खूश. संध्याकाळी मालिका बघून पोट भरत होतं ना!

रावपुरेकर
ड्रेस्डेनचं माहीत नव्हतं, चला मान्य. पण मग १९६१ मध्ये तिथल्या युवक संघटनेची पोरं छपरांवर चढून पश्चिमेकडच्या ॲन्टेना का फिरवत होती? सत्तेला त्याचा धाक वाटत होता म्हणूनच ना?

मांडवीची_सून
धाक वाटणं वेगळं, धोका असणं वेगळं. माझ्या सासूबाईंना मांजराचा धाक वाटतो.

आजोबांची_ॲन्टेना
दोघेही 'सरकारी' हा शब्द शिवीसारखा वापरताय. आपल्या बडोद्यापासून जेमतेम दीड तासावर पीज आहे, खेडा जिल्ह्यात. १९७५ मध्ये इस्रो आणि दूरदर्शनने तिथे छोटं प्रक्षेपण केंद्र चालू केलं. कार्यक्रम चरोतरी बोलीत, गावातल्या माणसांना घेऊन. मजुरी, जातिभेद, जमीनदाराची दादागिरी, सगळं त्यात यायचं. पैसा सरकारचा, यंत्रणा सरकारची. आणि वर्ष कोणतं? आणीबाणीचं!

रावपुरेकर
काका, त्याच आणीबाणीचा शेवट आठवा. ६ फेब्रुवारी १९७७, रामलीला मैदानावर नुकतेच काँग्रेस सोडलेल्या जगजीवनराम यांची सभा, आणि लोकांनी घरीच बसावं म्हणून दिल्ली दूरदर्शनने त्या संध्याकाळी गाजलेला प्रेमपट लावला. तरी मैदान भरलं. पीजला मोकळीक मिळाली कारण ते लहान होतं, दिल्लीचं लक्ष नव्हतं.

आजोबांची_ॲन्टेना
लक्ष नव्हतं म्हणूनच चांगलं झालं, असंच समज. पण मग दोष टीव्हीच्या मालकीचा की दिल्लीहून येणाऱ्या फोनचा? दूरदर्शनला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ ला. सात वर्षं फाइल कुणाच्या टेबलावर होती, तेही लिही की.

मांडवीची_सून
आता काकांच्या बाजूने. रशियात मार्च २०२२ मध्ये सरकारी वाहिनीच्या थेट बातम्यांत मारिना ओव्स्यानिकोवा युद्धविरोधी फलक घेऊन निवेदिकेच्या मागे उभी राहिली. ती त्याच वाहिनीत संपादक होती. रावपुरेकर, तुमचं थेट प्रक्षेपण, तुमचा पुरावा. पण पुढे काय झालं? काही सेकंदांनी दुसरी चित्रफीत लावली आणि बातम्या चालू राहिल्या. इंटरनेट असलेल्या देशात!

रावपुरेकर
हे मात्र लागलं. रात्रभर विचार करतो. लारीवर रविवारी आठला, काका तुम्हीही या, पीजची आणखी ऐकायची आहे.