ॲपवर हवा ‘समाधानकारक’, मग मुलाचा रुमाल काळा का?

सिंहगडरस्ता
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. सकाळी आठच्या सुमारास मी त्याला स्कूटरवर पुढे उभे करून शाळेत सोडते. वाटेत तीन मोठे सिग्नल लागतात आणि एके ठिकाणी दिवाळीपासून रस्ता खोदून ठेवलेला आहे. डिसेंबर लागल्यापासून त्याचा कोरडा खोकला हटत नाही, आणि शाळेतून आल्यावर नाक पुसले की रुमालावर काजळ फासल्यासारखे डाग उमटतात. मोबाइलवर हवेचा निर्देशांक मात्र काल ९२, म्हणजे ‘समाधानकारक’ होता. मग हा काळेपणा कुठून येतो आणि मी नेमके काय बदलावे?

वाऱ्याचीदिशा
तो आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मुलाच्या श्वासाचा नाही. निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवरून काढतात आणि मोजणीचे यंत्र बऱ्याचदा गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात असते. सिग्नलला थांबलेल्या मुलाचे नाक मात्र पुढच्या टेम्पोच्या सायलेन्सरपासून दोन-चार हातांवर असते. त्यातच थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्यामुळे, ऊन चढेपर्यंत धूर रस्त्यालगतच कोंडून राहतो. शिवाय आपल्याकडे पीएम २.५ (हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी हवा ‘समाधानकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांची मर्यादा १५ आहे. मुलांच्या बाबतीत हा शब्द मला सरळसरळ दिशाभूल करणारा वाटतो.

बालरोगवैद्य
ताई, रुमालावर दिसते ती नाकाने अडवलेली धूळ. पीएम २.५चा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतो आणि तो थेट फुप्फुसांत खोलवर उतरतो, त्यामुळे उद्या रुमाल पांढरा निघाला तरी निर्धास्त होऊ नका. या वयाचे मूल मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेते, आपण बारा ते सोळा. आणि त्याची फुप्फुसे अजून वाढीला लागलेली असतात. दिलासा एवढाच की हे नुकसान टाळता येते: लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९०च्या दशकापासून हवा जसजशी सुधारली, तसतशी तिथल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारल्याचे आढळले. खोकला रात्री वाढत असेल किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर घरातली बाटली पाजत न राहता डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांचा एन-९५ मास्क लहान चेहऱ्यावर कडेने उघडा राहतो; मापाचा मिळाला तरच उपयोग.

पर्वतीपायथा
घराकडेही पाहावे. डासांसाठी खिडक्या लावून आम्ही रात्रभर कॉइल जाळत होतो आणि मुलगी त्याच खोलीत झोपत होती, हे आठवले की आजही वाईट वाटते. आता मच्छरदाणी लावतो, फोडणीच्या आधी एक्झॉस्ट पंखा सुरू करतो आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतो. दिवाळीत नागगोळी तर घरात आणतच नाही, कारण मुले नेमकी तिच्यावर वाकून बसतात.

सिंहगडरस्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज स्कूटर अलीकडे लावून आतल्या गल्लीने चालत गेलो. बारा मिनिटे लागली. उद्या त्याला डॉक्टरांकडे नेत आहे. शाळेच्या फाटकापाशी व्हॅन आणि रिक्षा इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. ती बंद ठेवावीत, असा अर्ज शनिवारच्या पालकसभेत देणार आहे. कोणी असा अर्ज पूर्वी दिला असल्यास त्यातला मजकूर कृपया इथे द्यावा.