‘फ्री मॅन’ म्हणजे मुक्त की स्वतंत्र? ‘द प्रिझनर’ मालिकेतील काही शब्दांविषयी

‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेचे संवाद मराठीत कसे आणावेत, अशी चर्चा इथे चालू आहे. तिच्या नायकाच्या ‘आय ॲम नॉट अ नंबर, आय ॲम अ फ्री मॅन’ या वाक्यातील ‘फ्री’साठी या चर्चेत मुक्त, मोकळा, स्वाधीन आणि स्वतंत्र असे चार शब्द पुढे आले असून बहुतेकांचा कल ‘मुक्त’कडे दिसतो. मला तो पर्याय पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ कोशातील अर्थच्छटांचे नाही. ही मालिका मला गेली अनेक वर्षे सोबत करत आली आहे, तिचे संवाद मराठीत आणण्याचा खटाटोप मी स्वतःपुरता केला आहे, आणि त्यातून माझी अशी खात्री झाली आहे की या एका शब्दाची निवड म्हणजे संपूर्ण मालिकेचा अर्थ लावणेच आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे सांगतो. पॅट्रिक मॅकगूहन या अभिनेत्याने जॉर्ज मार्कस्टाइन या पटकथा-संपादकाच्या साथीने आकाराला आणलेली ही सतरा भागांची मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सप्टेंबर १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या काळात दाखवली गेली. मॅकगूहनला सातच भाग हवे होते, निर्मितीसाठी पैसा पुरवणाऱ्या ल्यू ग्रेडला सव्वीस हवे होते, आणि अखेर सतरा झाले. काही भाग ओढूनताणून केल्यासारखे वाटतात त्याचे मूळ इथे आहे. कथा थोडक्यात अशी: एक गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो, त्याला घरातच बेशुद्ध केले जाते, आणि तो डोळे उघडतो तो समुद्रकाठच्या एका देखण्या, रंगीबेरंगी वस्तीत. तिथे कोणालाही नाव नाही. याला सहा हा आकडा मिळतो. कारभार ‘नंबर दोन’ पाहतो आणि बहुतेक प्रत्येक भागात या पदावर नवा माणूस असतो; ‘नंबर एक’ कोण, हे कोणी सांगत नाही. सर्वांना एकच गोष्ट हवी आहे: त्याने राजीनामा का दिला?

आता ‘मुक्त’विषयी. आपल्या भाषेत हा शब्द एकटा येत नाही, त्याच्यामागून ‘बद्ध’ येतोच. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशा चार पायऱ्यांची लक्षणे सांगितली आहेत, आणि मराठी कानाला ‘मी मुक्त आहे’ हे वाक्य ऐकताच या पायऱ्या चढून गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. नंबर सहा तसा नाही. तो संतापी आहे, अहंकारी आहे, संशयी आहे, आणि त्याची सुटका अजून व्हायची आहे. ‘मोकळा’ हाही ‘मुच्’ या धातूच्याच वंशातला शब्द, पण त्यात कोणीतरी दोर सोडल्याचा भाव आहे. गोठ्यातले वासरू मोकळे होते, ताबा सुटला की तेच मोकाट होते. ‘स्वाधीन’ अर्थाने जवळचा आहे, पण आज आपण तो ‘आरोपीला पोलिसांच्या स्वाधीन केले’ अशा वाक्यात नेमका उलट अर्थाने वापरतो, त्यामुळे या ठिकाणी तो घात करील.

उरतो ‘स्वतंत्र’. पाणिनीने कर्त्याची व्याख्या दोनच शब्दांत केली आहे: ‘स्वतन्त्रः कर्ता’. क्रियेमध्ये जो दुसऱ्या कोणावर अवलंबून नाही तो कर्ता. लगेच पुढचे सूत्र त्या कर्त्याला क्रिया करायला लावणाऱ्याचे, म्हणजे प्रयोजकाचे आहे. मला हा क्रम या मालिकेच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या सत्ताधाऱ्यांना नंबर सहाला ठार मारायचे नाही, त्याला फार इजाही करायची नाही. त्यांना त्याच्याकडून वदवून घ्यायचे आहे. ‘वदणे’ आणि ‘वदवणे’ यांत जे अंतर आहे तेच या सतरा भागांचे कथानक आहे. तो उत्तर देईल तेव्हा वाक्याचा कर्ता वरवर तोच राहील, पण क्रिया दुसऱ्याची झालेली असेल. म्हणून ‘मी स्वतंत्र माणूस आहे’ या आरोळीचा अर्थ ‘मला सोडा’ असा होत नाही. माझ्या क्रियेचा कर्ता मीच राहणार, असा तो होतो.

‘स्वतंत्र’ला मराठीत दुसराही रोजचा अर्थ आहे, तो म्हणजे वेगळा: स्वतंत्र खोली, स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र खाते. या अर्थामुळे शब्द दुबळा होतो असा आक्षेप इथे आला आहे, पण माझ्या मते त्यामुळेच तो अधिक खरा ठरतो. ‘चेकमेट’ या भागात माणसांनाच सोंगट्या करून हिरवळीवर बुद्धिबळ खेळले जाते. पहारेकरी कोण आणि कैदी कोण हे कपड्यांवरून कळत नसल्याने नंबर सहा एक कसोटी शोधतो: जो दटावल्यावर नमतो तो कैदी, जो ताठ राहतो तो पहारेकरी. या कसोटीवर तो साथीदार निवडतो आणि पलायनाचा बेत आखतो. बेत फसतो, कारण ज्याला त्याने ही कसोटी शिकवली त्या साथीदाराने ती त्याच्यावरच लावलेली असते, आणि हुकूम सोडणारा, कोणापुढेही न वाकणारा हा माणूस पहारेकरीच असला पाहिजे, या निष्कर्षाला तो आलेला असतो. स्वतंत्र माणसाची चाल आणि सत्ताधाऱ्याची चाल बाहेरून सारखीच दिसते, हे दूरचित्रवाणीने इतक्या नेमकेपणाने फार क्वचित दाखवले असेल. नायकाच्या बाजूने उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही त्या क्षणी त्याच्याविषयी शंका येते, आणि ती शेवटपर्यंत जात नाही.

‘राजीनामा’ या शब्दाविषयी कोणी लिहिले नाही याचे मला आश्चर्य वाटले. मूळ फारसीत ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख, अर्थात संमतीपत्र. जुन्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत, असा तो जोडशब्द होता. आज आपण तो पद सोडण्यासाठी वापरतो आणि त्यातली संमती विसरून जातो. या मालिकेत जो एकमेव माणूस कशालाच राजी होत नाही त्याच्या राजीनाम्यावर सगळा डोलारा उभा आहे, आणि मराठी अनुवादात इंग्रजीत नसलेला हा ताण आयता मिळतो. तिथे पर्याय शोधत बसू नये, ‘राजीनामा’च ठेवावा.

‘व्हिलेज’ला ‘वसाहत’ म्हणावे की ‘खेडे’, यावर झालेल्या चर्चेत मी ‘गाव’च्या बाजूने आहे. चित्रीकरण उत्तर वेल्समधील पोर्टमेरियन येथे झाले. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५पासून पुढे अनेक दशके खपून इटालियन वळणाची ही वस्ती उभी केली: फिकट गुलाबी आणि पिवळ्या भिंती, घुमट, मनोरे, मधोमध चौक. तुरुंग इतका सुंदर असणे हा मालिकेचा पहिला कलात्मक निर्णय, आणि ‘तुरुंग’ म्हणताच डोळ्यांपुढे येणारा अंधार तिने पूर्ण नाकारला आहे. तिथे वाद्यवृंद आहे, उद्यान आहे, दुकाने आहेत. दुकानात नकाशा मागितला तर गावाचा मिळतो, मोठा नकाशा मागितला तर तोही गावाचाच. टॅक्सी गावापुरती धावते. ‘गाव’ या शब्दात माया आहे, ‘तुमचे गाव कोणते’ हा आपला ओळखीचा पहिला प्रश्न आहे, आणि त्याच शब्दात गावकी आहे. ‘अ चेंज ऑफ माइंड’ या भागात एक समिती नंबर सहाला ‘अनम्यूच्युअल’, म्हणजे समूहाशी जुळवून न घेणारा, ठरवते आणि सारे त्याच्याकडे पाठ फिरवतात. यासाठी सुचवलेला ‘असहकारी’ हा शब्द चुकीचा आहे, कारण आपल्या इतिहासात असहकार हे दुबळ्यांचे शस्त्र होते. इथे बलवान समूह एकट्या माणसावर तुटून पडतो, आणि त्याला आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे: वाळीत टाकणे. ही गोष्ट आपल्याला इतकी परिचित आहे की महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

शीर्षकाच्या बाबतीत मी अजून डळमळीत आहे. ‘कैदी’ म्हटले की खटला आणि शिक्षा आली, आणि इथे दोन्ही नाहीत. कायद्याच्या भाषेत आरोपाविना अडकवून ठेवलेल्या माणसाला ‘स्थानबद्ध’ म्हणतात. अर्थाने तो सर्वांत अचूक आहे, पण शीर्षक म्हणून सरकारी आदेशासारखा वाचला जातो. ‘बंदिवान’ मला ऐकायला बरा वाटतो. त्याहून अधिक काही ठामपणे सांगता येत नाही.

गावातले लोक निरोप घेताना अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ डोळ्यापाशी नेतात आणि ‘बी सीइंग यू’ म्हणतात. ‘पुन्हा भेटू’ हा त्याचा साधा अर्थ, ‘तुम्ही आम्हाला दिसत राहणार’ हा दुसरा, कारण तिथे भिंतींना आणि पुतळ्यांनाही डोळे आहेत. ‘बघून घेतो’मध्ये उघड धमकी आहे, ‘भेटूच’मध्ये पहारा नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना ‘लक्ष असू द्या’ असे सांगण्याची रीत आहे, आणि तिच्या उत्तरादाखल ‘लक्ष आहे’ म्हटले की माया आणि पाळत दोन्ही एकाच श्वासात येतात. मी ‘लक्ष आहे बरं’ असे केले आहे.

आता शेवटच्या, ‘फॉल आउट’ या भागाविषयी, कारण ‘स्वतंत्र’चा निकाल तिथे लागतो. या भागाने ब्रिटनमधले प्रेक्षक चिडले होते, आणि रहस्यकथेचा उलगडा अपेक्षिणाऱ्यांची निराशा मी समजू शकतो. मला मात्र तोच मालिकेचा सर्वांत धीट भाग वाटतो. गाव नंबर सहापुढे हार मानते, त्याला सिंहासन देऊ करते, आकडा काढून घेते आणि बोलण्याची विनंती करते. तो इंग्रजीत ‘आय’, म्हणजे ‘मी’, असा पहिला शब्द उच्चारतो न उच्चारतो तोच मुखवटे घातलेली सभा ‘आय, आय, आय’ असा घोष सुरू करते. इंग्रजीत याच उच्चाराचा ‘होय’ असाही अर्थ आहे, त्यामुळे तो घोष अनुमोदनही असतो आणि प्रत्येकाचा ‘मी’ही, आणि त्या गदारोळात त्याचे भाषण बुडून जाते. मराठीत ‘होय’ हा श्लेष साधत नाही हे मान्य करावे लागेल. पण सभेने ‘मी, मी, मी’ म्हटले की ‘मी मी म्हणणारे’ हा आपला वाक्प्रचार आपोआप जागा होतो, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जयजयकारच व्यक्तीचा आवाज कसा दाबतो हे लख्ख दिसते. सांकेतिक प्रतिमांनी गच्च भरलेल्या या भागातली मला ही सर्वांत वैचारिक जागा वाटते, आणि ती एका अक्षरावर उभी आहे.

त्यानंतर तो नंबर एकपाशी पोहोचतो. मुखवटा ओढतो, आत माकडाचा मुखवटा निघतो. तोही ओढतो, तर आत त्याचाच चेहरा वेड्यासारखा हसत असतो. ‘स्व’ आणि ‘तंत्र’ हे दोन शब्द इथे शब्दशः एकत्र येतात: ज्या तंत्राने त्याला जखडले ते दुसऱ्या कोणाचे नाही, त्याचेच आहे. बहुतेक भागांच्या सुरुवातीला तो अभिमानाने जे ओरडत होता ते खरे ठरते, पण त्याला हव्या त्या अर्थाने नाही. ‘मुक्त’ हा शब्द योजला असता तर ही भयंकर कलाटणी मराठीत हरवली असती. म्हणून मी ‘स्वतंत्र’वर ठाम आहे. पुढे तो पळून लंडनला आपल्या घरी येतो, घरावर एक हा आकडा असतो, आणि दार गावातल्या दारांसारखेच आपोआप उघडते. श्रेयनामावलीत इतर साथीदारांसमोर अभिनेत्यांची नावे येतात, त्याच्यासमोर फक्त ‘प्रिझनर’.

राहता राहिली ती भागांच्या सुरुवातीची, नंबर सहा आणि नंबर दोन यांच्यातली प्रश्नोत्तरे. ‘हू इज नंबर वन?’ या प्रश्नाला मिळणारे ‘यू आर नंबर सिक्स’ हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण ‘यू आर’नंतर किंचित थांबले तर ‘तुम्हीच, नंबर सहा’ असे तेच खरे उत्तर होते. इथे अनेकांनी म्हटले की मराठीत क्रियापद शेवटी जात असल्याने हे साधणे अशक्य आहे. क्रियापद गाळता येते, हे आपण विसरतो. ‘हा माझा भाऊ’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. दुसरी अडचण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची. नंबर दोन कितीही क्रूर असला तरी त्याची जीभ मऊ आहे, म्हणून ‘तू’ चालणार नाही. मी प्रथम ‘तुम्ही नंबर सहा’ लिहिले आणि खोडले. मग ‘आपण’ सुचले. हा शब्द समोरच्याला आदराने हाक मारतो, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एका पंगतीत बसवतो, आणि ‘स्वतः’ असाही अर्थ देतो. तुकोबांच्या ‘आपुलाचि वाद आपणांसी’मध्ये तो याच तिसऱ्या अर्थाने आला आहे. नंबर एक कोण, या प्रश्नावर ‘आपण नंबर सहा’ हे तीन शब्द माझ्या वहीत आता पक्के झाले आहेत. मधे स्वल्पविराम दिलेला नाही. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.