मदत हवी आहे: एलईडीच्या उजेडात फ्लॅशशिवाय अंतरपाटाचा क्षण

पुण्यात एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयात पुढच्या महिन्यात लग्न टिपायचंय, पूर्ण कॅन्डिड. जोडप्याची अट एकच: फ्लॅश नाही आणि "इकडे बघा" नाही. अट मलाही पटते.

हॉल पाहून आलो. स्टेजवर सगळे एलईडी, मागे एलईडी वॉल. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर स्पीड १/१०० सेकंद ठेवून पाहिलं. छतावरच्या दिव्यांचे पट्टे गेले, वॉलचे राहिले. शिवाय १/१०० ला उडत्या अक्षता आणि खाली सरकणारा अंतरपाट फोटोत हललेला येतो, चेहरेही धूसर होतात. मेकॅनिकल शटर व अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीशी जुळवून फोटो घेणारी सोय) चालू केल्यावर १/२५० ला बरं वाटलं, पण मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत शटरचा आवाज भटजींच्या माइकमध्ये जाईल अशी धास्ती आहे.

बॉडी फुलफ्रेम मिररलेस, लेन्स ३५ आणि ८५ मिमी, दोन्ही एफ/१.८. नवीन बॉडी घेणं शक्य नाही, लेन्स भाड्याने चालेल. व्हिडिओवाले वेगळे आहेत, त्यांचा पॅनल लाइट हलवता येणार नाही. वॉल मंद करायला डेकोरेटर तयार आहे, पण मंद केल्यावर पट्टे कधीकधी वाढतात ना?

अशा हॉलमध्ये शूट केलेल्यांनी सांगा: वॉल अंतरपाटाच्या त्या दोन मिनिटांपुरती बंदच करायला लावता, की मेकॅनिकल शटरचा आवाज खपून जातो?