‘थिंक’ सगळ्यांनाच अडत नाही
स्पॅनिश भाषकांना इंग्रजी ‘थिंक’मधला पहिला ध्वनी जमतच नाही, असं सरसकट म्हटलं जातं. हे निम्मंच खरं आहे. माद्रिदच्या माणसाच्या तोंडी तो रोजच असतो: ‘cinco’ (पाच) म्हणताना तो जीभ दातांमध्ये नेऊन अगदी तोच ध्वनी काढतो. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना इथे मात्र त्या जागी साधा ‘स’ येतो, त्यामुळे तिथल्यांचं ‘थिंक’ अनेकदा ‘सिंक’ किंवा ‘टिंक’ होतं. (आपण तरी कुठे तो ध्वनी काढतो? सरळ आपला महाप्राण ‘थ’ वापरतो.)

‘दे’ म्हणजे ‘ते लोक’ या इंग्रजी शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातला घर्षण असलेला ध्वनी जवळपास सगळ्याच स्पॅनिश भाषकांकडे असतो, पण दोन स्वरांच्या मध्ये, ‘नादा’, ‘लादो’सारख्या शब्दांत. शब्दाच्या सुरुवातीला मात्र त्यांचा ‘द’ बहुधा घट्ट. माझ्या एका मेक्सिकन सहकाऱ्याला मी ‘नादा’ सावकाश म्हणायला लावलं आणि त्यातला ‘द’ तसाच धरून ‘दे’ म्हणायला सांगितलं. त्याला ते लगेच जमलं! शिकवणाऱ्यांनी निदान हे करून बघावं, नुसतं ‘जीभ बाहेर काढा’ सांगत बसू नये.